कलकत्ता ते पुणे, सहा तास

मी बी.ए. झालो तो सगळ्यात जास्त मावशीमुळे. नात्यातली नव्हे, मंगळवारची मावशी. आष्ट्याहून साताऱ्याला शिकायला आलो तेव्हा रोज एकेका घरी जेवायचो, आणि मंगळवार तिचा होता. मी उंबऱ्याशी पोचायच्या आत चुलीजवळून आवाज यायचा, "तवा तापलाय. हातपाय धू आदी."

तुमच्याही गल्लीत अशी कुणी असेल. वडूजकडची विधवा, दारात एक म्हैस, एकुलता मुलगा पलटणीत, पार आसामकडे. गार भाकरी ती कुणाच्या ताटात पडू देत नसे. "गार खायाला हाटेलं हायती की!"

एकदा शेजारचा जवान रजेवर आला आणि निरोप देऊन गेला: मुलाची रजा मंजूर झाली, येत्या मंगळवारी सकाळी कलकत्त्याहून पुण्याला निघणाऱ्या विमानात त्याला जागा मिळणार.

"किती वेळ लागंल रं?" मावशीनं मला विचारलं. "तू शिकलेला."

शाळेतल्या नकाशावर मी दोरी धरली. सुमारे हजार मैल. विमानाचा वेग वर्तमानपत्रात वाचला होता. भागाकार केला आणि ऐटीत सांगितलं, "सहा तास. दुपारी पुणं, दिवेलागणीला मोटारीनं इथं."

तिनं ते गल्लीभर सांगितलं.

मंगळवारी आम्ही दोघं मोटारअड्ड्यावर उभे राहिलो. शेवटची मोटार आली, रिकामी झाली. एक हमाल ओरडला, "मावशे, इमान वडाला अडाकलं काय गं?" सगळे हसले. तीही हसली. परतताना मात्र हळूच म्हणाली, "वाटंत पडत न्हाईत न्हवं रं इमानं?"

माझ्या भागाकारात हे नव्हतं.

घरी येऊन तिनं तवा ठेवला. मुलासाठी मांडलेल्या पाटावर मला बसवलं आणि त्याच्यासाठी केलेलं सगळं मला वाढलं. मी खाली मान घालून जेवलो.

पुढे रोज संध्याकाळी ती अड्ड्यावर दिसायची. लांबून दिसली की मी दुसऱ्या बोळात वळायचो. पुढच्या मंगळवारी जेवायला गेलोच नाही. पाणी प्यालो आणि शाळेच्या ओसरीवर पुस्तक उघडून बसलो.

थोड्या वेळानं ती फडक्यात भाकरी बांधून तिथं आली.

"इमान चुकलं म्हणून तू का उपाशी? खा."

"मावशी, मी सांगितलं म्हणून तुला रोज तिथं..."

"माझा पोरगा हाय, मी हुबी ऱ्हाते. तुला काय त्याचं?" मग फडकं सोडत म्हणाली, "भाकरी गार झाली बघ तुझ्यापायी."

तिच्या हातची गार भाकरी मी तेवढी एकदाच खाल्ली. तिची चव अजून जिभेवर आहे.

दोन दिवसांनी, माझा वार नसताना तिनं मला जेवायला बसवलं होतं, तेव्हा मुलगा आला. आगगाडीनं, कोळशानं काळा होऊन. त्याची विमानातली जागा ऐन वेळी एका साहेबाला दिली होती; पाच दिवस दुसऱ्या विमानाची वाट पाहून तो शेवटी गाडीत बसला होता. माझा हिशेब गल्लीत ऐकूनच आला होता; दारातूनच हसत म्हणाला, "सहा तासवालं मास्तर कुठं हायत?" मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "गप. जेवू दे त्याला."

मी पुढे सांगलीला कॉलेजात गेलो. निकाल लागला त्या दिवशी पहिलं पत्र तिलाच लिहिलं:

"मावशी, पास झालो. मंगळवारी इथून निघतो. किती वाजता पोचेन ते सांगत नाही. तू अड्ड्यावर येऊ नकोस. मी दारात उभा राहिलो की मगच तवा ठेव."