रांगेत सगळेच पहिले

माझ्या दुकानाचा लँडलाइन फोन मेला तो मुकुंदवाडीचा रस्ता रुंद करायला आलेल्या खोदकामाच्या यंत्रामुळं, आणि त्या मरणावर जगला माझा जुना भागीदार. दोघांनाही मी माफ केलेलं नाही. पण यंत्राला अक्कल नव्हती. भागीदाराला होती.

आमचा धंदा पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्यांचा. दोघांनी मिळून एका हातगाडीवर सुरू केला आणि भांडून वेगळा केला. भांडण कशावरून झालं हे त्याला विचाराल तर तो भलतंच सांगेल, म्हणून विचारू नका. वेगळं झाल्यावर माणसानं दुसरी गल्ली धरावी की नाही? त्यानं बरोब्बर माझ्या समोर, रस्त्यापलीकडं दुकान थाटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दिवसभर एकमेकांकडं बघायचो मात्र. धंद्यात बघावं लागतं.

ती दुष्काळाची वर्षं होती, पण शहर थांबायला तयार नव्हतं. काल ज्वारी होती तिथं आज चार मजले, आणि प्रत्येक मजल्याला नळ. नळातून पाणी सोडून सगळं यायचं. हवा यायची, गंज यायचा, रात्री-अपरात्री घुर्रकन आवाज यायचा. तरी लोक टाकी आधी घ्यायचे, कारण पाणी आलंच तर ते कुठं ठेवायचं ही चिंता पाणी नसण्यापेक्षा मोठी. आमचं वर्षाचं पोट त्या उन्हाळ्यावर अवलंबून. आणि ऐन उन्हाळ्यात माझा फोन मुका झाला.

माझा जुना नंबर गिऱ्हाइकांच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर लिहिलेला होता. तो लागेना म्हटल्यावर लोक समोरच्याला फोन करून विचारायचे, "त्यांचं दुकान बंद झालं का हो?" तो म्हणायचा, "व्हय. लई वाईट झालं." हे मला एका जुन्या गिऱ्हाईक बाईनंच सांगितलं. ती माझ्या सांत्वनाला आली होती. सांत्वन करून झाल्यावर टाकी त्याच्याकडून घेऊन गेली.

उस्मानपुऱ्यात जिन्यावरच्या एका खोलीत एक मुलगी छोट्या दुकानदारांना इंटरनेटवरचा फोन लावून द्यायची. तार नाही, खांब नाही. एक नवा नंबर मिळतो आणि तो आपल्या मोबाइलमध्येच वाजतो. कुणी खोदून तोडू शकत नाही, एवढं ऐकलं आणि मी खुर्ची पुढं ओढली.

"काका, दोन प्लॅन आहेत," ती म्हणाली. "मोठ्यात तुमच्या आवाजात निरोप टाकता येतो, हवा तेव्हा बदलता येतो. छोट्यात कंपनीचाच निरोप. तो बदलत नाही."

"आणि छोट्याच्या आतला?"

"आतला नाही काका."

"असतो. नीट बघ."

मी उठून जिन्यापर्यंत गेलो. मागून 'थांबा' आलं नाही, म्हणून चष्मा विसरल्याचं निमित्त करून परत आलो. चष्मा नाकावरच होता. मुलीनं कॉम्प्युटरमध्ये पुन्हा डोकं घातलं.

"एक आहे. पण त्यात आवाज कुठल्या तरी देशातल्या मशीनवरून फिरून येतो, म्हणून जरा उशिरा पोचतो. मग तक्रार करायची नाही."

"येतो ना? मग टाक."

बाहेर पडताना आपण जिंकलो असं मला वाटलं होतं.

नवा नंबर शटरवर रंगवून घेतला. फोन यायला लागले. मी उचलायच्या आधी कंपनीची बाई प्रत्येकाला गोड आवाजात सांगायची, "नमस्कार. आपण रांगेत पहिले आहात. कृपया प्रतीक्षा करा." फोन एका वेळी एकच यायचा, त्यामुळं जो येईल तो पहिलाच.

आमच्या बाजारात सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत. बोहनी बिघडली की दिवस बिघडला. म्हणून पहिल्याला भाव जरा सैल. हे गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं.

"भाई, तुम्हारी मशीन बोली मैं पहली है करके," एक आपा ऐन दुपारी म्हणाल्या. "अब बोहनी का भाव लगाओ."

"आपा, सुबह से कितनी टाकियाँ गयी!"

"तो क्या मशीन झूठ बोलती?"

संध्याकाळी एक गृहस्थ. मी म्हणालो, "साहेब, दिवे लागले, आता कसली बोहनी?" ते म्हणाले, "ते मशीनला विचारा. रांग तुम्ही बघताय का ती?" सगळ्या दिवसाला सकाळ झाली होती. मी प्रत्येकाशी भांडायचो आणि प्रत्येकाला थोडं सोडायचो, कारण न जाणो, खरंच पहिला असला तर?

मी त्या मुलीला फोन लावला. "तो निरोप बदल."

"काका, निरोप बदलायचा तर मोठा प्लॅन."

"म्हणजे तूपण त्याला सामील!"

"कुणाला काका?"

मी फोन आपटला. मोबाइल आपटून समाधान होत नाही, वर काच जाते.

खरं दुखणं निरोपाचं नव्हतंच. शटरवरचा नंबर वाचणाऱ्याला दुकान चालू आहे हे दिसतच होतं. ज्यांना दिसत नव्हतं, ती माझी जुनी गिऱ्हाइकं अजून समोरच्याला फोन करत होती आणि तो अजून माझ्यासाठी हळहळत होता. ती सगळी एकदा त्याच्याकडं वळली असती तर पुढच्या उन्हाळ्यात शटर उघडायचं कारण उरलं नसतं.

एके सकाळी उदबत्ती लावतोय तोच फोन वाजला.

"हजार लिटरची टाकी आहे का?"

आवाज ओळखीचा. मी मान वर केली. मधल्या खणलेल्या चराच्या पलीकडं, आपल्या दारात, माझा भागीदार कानाला मोबाइल लावून उभा. त्याच्या स्टुलावर एक गिऱ्हाईक बसलेलं. चरामुळं त्याच्या मालाची गाडी आत आली नव्हती, हे मला कालपासून माहीत होतं. बघावं लागतं.

"कोण बोलतंय?" मी मुद्दाम विचारलं.

त्याचे ओठ हलले. मग, ओठ मिटल्यावर, माझ्या कानात आलं, "गिऱ्हाईक."

"नाव?"

"मशीननं नाव विचारलं नाही शेठ. पहिला आहेस म्हणालं. बोहनीचा भाव बोल."

आणि तो हरामखोर खरंच पहिला होता. त्याला मरेपर्यंत माल द्यायचा नाही अशी माझी शपथ होती. पण शपथ माझी एकट्याची आणि बोहनी सगळ्या बाजाराची. मी भाव सांगितला.

तेव्हा मला त्या स्वस्त प्लॅनची किंमत कळली. त्याची मान आधी डोलायची आणि नकार मागून यायचा. मान दिसत होती, त्यामुळं "परवडत नाय, नाय परवडत" हे कानात येईपर्यंत त्याला परवडल्याचं मला कळलेलं असायचं. त्यानं पाठ फिरवली. पण ती पाठ मी हातगाडीमागून वर्षानुवर्षं बघितली होती. खांदे खाली आले, म्हणजे गडी नमला.

"भाव तुझा राहू दे," मी म्हणालो. "पण माझं दुकान कुणी विचारलं तर चालू आहे म्हणून सांगायचं."

त्यानं मान वळवून स्टुलावरच्या गिऱ्हाइकाकडं बघितलं.

"बरं."

टाकी न्यायची तर चरावर टाकलेल्या दोन फळ्यांवरून. मी इकडून लोटायची, त्यानं तिकडून धरायची. आमचं बोलणं बंद असल्यामुळं दोघांनीही मोबाइल कानालाच ठेवले होते. मध्ये अंतर एका टाकीचं. तो ओरडला ते समोरूनही ऐकू आलं असतं, पण मी फोनवरच्याकडं लक्ष देत होतो, आणि फोनवर "डावीकडं घे" आलं तेव्हा टाकी उजवीकडून चरात गेली होती. तिच्या मागोमाग मीही.

"पोचली नाही," तो वरून म्हणाला. "पैसे नाहीत."

"अर्धा चर तुझा आहे!" मी खालून.

"मोजून दाखव!"

तेवढ्यात त्याच्या खिशातला दुसरा, दुकानाचा मोबाइल वाजला. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं.

"नाय, बंद नाय झालं," तो म्हणाला. "चालू आहे. समोरच आहेत, चरात उभे आहेत. घ्या, बोला."

तो उकिडवा बसला आणि मोबाइल खाली धरला. पलीकडं एका नव्या सोसायटीचे सेक्रेटरी होते, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना चार टाक्या हव्या होत्या, आणि मी चरात काय करतोय हेही जाणून घ्यायचं होतं.

मी आधी भाव सांगितला. मग वर आलो.