शांती असो म्हणताना

मारियाची पहिली पुण्यतिथी, म्हणून आज चर्चमधल्या मिस्सेसाठी, म्हणजे प्रार्थनेसाठी, कोट बाहेर काढला. डांबरगोळ्यांचा वास आला आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षातला एक रविवार आठवला.

आम्ही तेव्हा हडपसरला राहत होतो. भांडण झालं की मी पुस्तकात डोकं घालून गप्प बसत असे. त्या आठवड्यात तिला ते असह्य झालं. "मिस्सा संपली की मी नगरला माहेरी जाते. भिंतीशीच संसार करायचा तर लग्न कशाला केलं?" एवढं बोलून ती कपड्यांची पिशवी घेऊनच चर्चमध्ये आली. बाकावर पिशवी आमच्या मधे होती.

"एकमेकांना शांती द्या," फादर म्हणाले. लोक शेजाऱ्याकडे वळून, हात जोडून "शांती असो" म्हणू लागले. माझ्या अंगात हाच कोट होता. मी तिच्याकडे वळलो, हात जोडले आणि तोंडातून निघालं, "जाऊ नकोस."

ती हळूच म्हणाली, "अहो, इथे 'शांती असो' म्हणतात." मागच्या बाकावरच्या आजी खुदकन हसल्या. मारियाने पिशवी खाली पायाशी ठेवली आणि ती माझ्याजवळ सरकली.

माझ्या दोन शब्दांनी ती थांबली, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण नगरच्या गाड्या पहाटेपासून होत्या. तरी ती आधी मिस्सेला आली, माझ्या शेजारी बसली. तिथे मला तिच्याकडे वळावंच लागणार, हे तिला ठाऊक होतं.