विहारातली हजेरीची वही

घोडपदेवच्या चाळीत बकुळाबाईंच्या तोंडाला कुणी लागत नसे. त्या नळावर आल्या की भांडणं आपोआप मिटायची. परळच्या एका इस्पितळात वीस वर्षं आयाचं काम. स्वतः दहावीला गणितात आपटलेल्या, आणि लेक नम्रता बारावीत वर्गात पहिली. आता बोला!

नम्रताला बेंगळुरूच्या एका विद्यापीठात जायचं होतं. निवड झाली की फी माफ, राहणं-जेवण माफ. म्हणून तर दारात देशभरच्या पोरांची झुंबड. दादरच्या क्लासच्या सरांनी मान हलवली, "शंभरात दोघं घेतात. आशा ठेवू नका, ताई."

"दोघं घेतात ना? मग त्यातली एक आमची!" असं ठणकावून बकुळाबाई निघाल्या खऱ्या, पण जिना उतरताना डोक्यात एकच घोळत होतं. हे हुकलं तर पोरीला एवढं मोठं शिक्षण कुठून द्यायचं?

रविवारी त्यांनी नम्रताकडून फॉर्म वाचून घेतला. शाळेबाहेर काय करता, असं विचारलेलं, खाली दहा ओळी. दहाही कोऱ्या.

"हे काय गं?"

"मम्मी, तिथे नाच, बुद्धिबळ, पोहणं असलं लिहितात. माझ्याकडे कुठलं सर्टिफिकेट आहे?"

"आणि विहारातली अभ्यासिका? चार वर्षं रोज संध्याकाळी तीस पोरं शिकवतेस ती?"

"त्यात काय सांगायचं? ते तर आपलं कामच आहे."

बकुळाबाईंचा पारा चढला. "अगं शहाणे! विहाराचं काम मिरवायचं नाही, हे मीच शिकवलं, चूक माझी. पण कुणी विचारलं तर सांगायचं की नाही? आण ती हजेरीची वही!"

वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढे हजर की गैरहजर, आणि त्यापुढे काय अडलंय ते. सातवीतला हर्षवर्धन सलग अकरा दिवस एकाच गोष्टीवर अडलेला: अपूर्णांक. त्या पानांचे फोटो फॉर्मला जोडले.

मुलाखत मोबाइलवर, विहारातच झाली. बकुळाबाई बाहेर चपलांपाशी जीव मुठीत धरून बसल्या. इंग्रजी काही कळेना. 'हर्षवर्धन' कळलं, 'कॅरम' कळलं, मग पलीकडून हसू आलं. गेलं सगळं, हसतायत पोरीला, असं वाटून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

नम्रता बाहेर आली ती उड्या मारत. "विचारलं, बाराव्या दिवशी काय झालं? मी सांगितलं, अकरा दिवस चूक माझी होती, नुसतं फळ्यावर शिकवत होते. बाराव्या दिवशी कॅरमच्या सोंगट्या मांडल्या, राणी सोडून अठरातल्या नऊ काळ्या म्हणजे अर्ध्या. पोराला झटक्यात कळलं!"

एप्रिलात निकाल आला. बकुळाबाई ड्युटीवर होत्या. फोनवर "मम्मी, झालं!" ऐकताच त्या वॉर्डातच मोठ्यानं रडल्या, पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दादरच्या क्लासात जाऊन त्यांनी सरांच्या हातावर पेढा ठेवला. "दोघांतली एक, सर. आमची!"

जुलैत नम्रता गेली. दुसऱ्या संध्याकाळी वही बकुळाबाईंनी उघडली. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं, हजेरी बकुळाबाईंनी घ्यायची, असं ठरलेलं. तीसही नावं झाली. मग खालच्या कोऱ्या ओळीत त्यांनी सावकाश लिहिलं: बकुळा. हजर. अडलंय: अपूर्णांक.

"हर्षवर्धन," त्यांनी हाक मारली, "आण रे त्या सोंगट्या."