मेलेला उंदीर चावत नाही

नव्वदच्या दशकात आमची कंपनी दिल्ली कॅन्टोनमेंटच्या अगदी कडेला होती. मी हवालदार. बराक नंबर तीन माझ्या ताब्यात. तारेच्या कुंपणापलीकडे द्वारका नावाच्या नव्या उपनगराचे सेक्टर उभे राहत होते. काल जिथे मोहरी होती तिथे आज खड्डे, विटांचे ढीग आणि ‘थ्री बेडरूम, बुकिंग ओपन’चे बोर्ड. बुलडोझरनी शेतं उकरली आणि शेतातले उंदीर आमच्याकडे राहायला आले. त्यांना बुकिंग लागलं नाही.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजीला कशाचीच किळस येत नाही. साफ खोटं. डाळीत लेंड्या. गव्हाच्या पोत्याला मुताचा वास, तो पोळीतही यायचा. बूट घालायच्या आधी आपटून बघायचा. स्टोअरच्या भिंतीत एक मेला, तो सापडेना. आठ दिवस आम्ही नाकाला रुमाल बांधून रेशन काढलं. शी! आजही आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, पण उलटीचं.

मग ब्रिगेड कमांडरसाहेबांचं इन्स्पेक्शन लागलं आणि सगळ्यांना एकदम उंदीर दिसायला लागले. कणकेत औषध कालवून गोळ्या केल्या, बराकीत कोपऱ्याकोपऱ्यात टाकल्या. सुभेदारसाहेबांची ऑर्डर एका ओळीची.

“कल दस बजे एक भी चूहा नहीं दिखना चाहिए. न ज़िंदा, न मरा हुआ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपासून आम्ही कामाला लागलो. ट्रंका ओढा, फरशी धुवा, विटांना गेरू, झाडांना चुना. इन्स्पेक्शन म्हणजे काय ते फौजेत गेलेल्यालाच कळतं. झाडाला सलाम करता येत नाही म्हणून चुना लावायचा, बाकी काही नाही.

नायक बबन शिंगटे माझ्या बराकीत होता. कोरेगाव तालुक्यातला, सव्वीस वर्षांचा, कबड्डीचा गडी. सांगितलं ते काम करणारा, आणि हसत करणारा. सहा चाळीसला त्याने शेवटच्या ट्रंकेमागे हात घातला. तिथे भिंतीत मोरीचं भोक होतं, फरशीचं पाणी बाहेर जायला. त्याने हात झटकन मागे घेतला. मुठीत उंदीर होता.

“आयला! चावला हो हवालदारसाहेब.”

अंगठ्याजवळ रक्ताचे दोन ठिपके. उंदीर बघितला, लोळागोळा.

शिंगटेनेही बघितला. म्हणाला, “पण हा तर मेलेला आहे.”

“मरता मरता चावला असेल. औषध खाल्लंय त्याने. हात साबणाने धू आणि चुन्याची बादली घे.”

“ह्याला कुठे टाकू?”

“लोट मोरीतून बाहेर. मागच्या बाजूला साहेब जात नाहीत.”

त्याने केरसुणीने उंदीर भोकातून बाहेर लोटला. माझी ऑर्डर होती, त्याने पाळली. मेलेला उंदीर चावत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. शिंगटेने मला तोंडावर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण माझ्या डोक्यात दहा वाजले होते.

सात वाजता म्हणाला, हाताची आग होतेय. मी म्हणालो, चुन्याने होते. साडेसातला मनगट सुजलं होतं. मी काय सांगितलं माहीत आहे? “साहेब समोर आले की हात मागे ठेव.” हे लिहिताना मला माझीच किळस येते. उंदरांची येत नव्हती एवढी येते.

आठला त्याने गेरू लावलेल्या विटांवर उलटी केली. सव्वाआठला बराकीच्या मागून सफाईवाल्याची आरोळी आली.

“साँप! साहब, साँप!”

मी धावत गेलो. मोरीच्या तोंडाशी घोणस. दोन-अडीच हात लांब, मनगटाएवढी जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. आमचा उंदीर अर्धा तिच्या तोंडात. जबडा एका बाजूने सरकायचा, मग दुसऱ्या बाजूने, आणि उंदराची शेपूट बाहेर लोंबत होती.  मग शिंगटेचा हात आठवला आणि मी आत पळालो.

फोन उचलला. “बराक थ्री. स्नेक बाइट. गाड़ी भेजो.”

“टाइम ऑफ बाइट?”

“छह चालीस.”

पलीकडच्याने वेळ पुन्हा विचारली, मी पुन्हा सांगितली. मग, “रॉजर. गाड़ी आ रही है.”

आठ वीसला गाडी निघाली. वाटेत सेक्टरसाठी खडी नेणारे ट्रक, रस्ता खणलेला. शिंगटेच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तो ते माझ्यापासून लपवून रुमालाने पुसत होता. आठ पंचावन्नला हॉस्पिटल. इंजेक्शनं चालू झाली. डॉक्टर कॅप्टनसाहेब एवढंच म्हणाले, “देर हो गई, हवालदार.”

दहाला इन्स्पेक्शन झालं. शेरा आला, व्हेरी गुड.

संध्याकाळी मी कॅप्टनसाहेबांना विचारलं, साप बराकीत आलाच कसा? ते म्हणाले, साप जिभेने वास घेतो. जीभ बाहेर काढून हवेतले, जमिनीवरचे वासाचे कण उचलतो आणि तोंडात टाळूपाशी दोन बारीक भोकं असतात तिथे पोचवतो. जीभ दुभंगलेली म्हणून कोणत्या बाजूला वास जास्त तेही त्याला कळतं. घोणस उंदराला दंश करून सोडून देते, कारण धरून ठेवला तर तो तिला चावेल. विष तिच्या डोळ्यांमागच्या ग्रंथीतून येतं, ती ग्रंथी म्हणजे लाळेच्याच ग्रंथीचं एक रूप. उंदीर पळतो, कुठेतरी मरतो. त्याच्या अंगाला आता तिच्या विषाचा वास असतो. शंभर उंदरांतून ती तोच शोधून काढते.

म्हणजे आमच्या औषधाने उंदीर मेलाच नव्हता. तो तिचा होता. ती मोरीतून त्याच्या मागावर आली आणि मध्ये शिंगटेचा हात आला. वर मी तिची शिकार तिच्याच पुढ्यात लोटायला लावली. तिला जिभेने जे कळलं, ते मला माणूस तोंडाने सांगत होता तरी कळलं नाही.

शिंगटेच्या किडन्या बंद पडल्या. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. चौकशीत मी वेळा जशा होत्या तशा सांगितल्या. मला ताकीद मिळाली. कमीच मिळाली.

पलटणीच्या स्मारकावर शिंगटेचं नाव नाही. तिथे लढाईत गेलेल्यांची नावं असतात. नियम आहे, मी वाद घालत नाही. म्हणून मी त्याचं नाव इथे घेतो.

पुढच्या रजेत त्याच्या गावी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. पाणी दिलं. मग विचारलं, “चावला कितीला?”

“सहा चाळीसला.”

“आणि गाडीत कधी घातलात?”

“आठ वीसला. चूक माझी, बाबा. तो सांगत होता.”

ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, “बोलायचा का शेवटी?”

“बोलायचा. डॉक्टरांना म्हणायचा, हवालदारसाहेबांना काही बोलू नका. इन्स्पेक्शन होतं.”

म्हातारा उठला, आत गेला. आतून त्याचा आवाज आला, “पाहुण्याला ताट वाढा गं.”