तिसऱ्या रांगेतला चेहरा

आयटीतली नोकरी गेली आणि मी वारज्यातल्या एका ऑफिसात एका महाराजांच्या क्लिप्स कापायला लागले. सभा दोन तासांची, क्लिप एक मिनिटाची. महाराज पाणी प्यायला थांबले की तो क्षण लांबवायचा, खाली तानपुरा सोडायचा. लोकांना वाटे, गहिवरले. वाक्य संपलं की गर्दीतला एखादा रडणारा चेहरा जोडायचा. तो मुळात कशाला रडला, हे कोणी विचारत नसे. अशा चेहऱ्यांचं आमच्याकडे वेगळं फोल्डरच होतं.

एकदा चेहरा शोधताना तिसऱ्या रांगेत बाबा दिसले. नारायण पेठेतले निवृत्त मास्तर, कुठल्याही बुवाचं नाव निघालं की “शिक्षण किती?” विचारणारे. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते, आल्यागेल्याला चहा विचारत बसले होते. इथे मात्र नाकही न पुसता रडत होते. मी आवाज लावला. महाराज सांगत होते, ‘जेवलात का’ विचारणारं कोणी असेल तरच त्याला घर म्हणायचं.

मला चेहरा हवा होता तो दुसऱ्याच वाक्याला: ‘ते लोक उद्या तुम्हाला तुमच्याच घरातून हुसकावतील.’ मागे उभे असलेले सर म्हणाले, “आजोबा भारी आहेत, लाव.” माझे वडील आहेत, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. चेहरा लावला. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आणि आज त्याचीच लाज वाटते.

क्लिप पेठेत पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. रविवारी घरी गेले, तर बाबांनी दारातच मोबाइल पुढे केला. शेजाऱ्यांनी पाठवताना वर लिहिलं होतं, ‘काका, अभिमान वाटला.’ कोपऱ्यावरचा घड्याळवाला महाराजांच्या ‘त्या लोकां’पैकी. बाबा रोज सकाळी त्याच्या दुकानात बसून पेपर वाचत. त्या दिवशी त्याने स्टूल पुढे केलं नव्हतं.

“मी या वाक्याला रडलो नव्हतो गं. तुझ्या आईची आठवण आली होती. त्याला आता काय सांगू? कोण करतं हे असलं?”

मी कॉम्प्युटरवर काहीतरी करते, एवढंच त्यांना माहीत होतं.

“असतात बाबा, ऑफिसं असतात,” मी म्हटलं आणि चपलेचा पट्टा सोडवत वाकून राहिले.

त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

“जेवलीस का?”

हो म्हटलं. जेवले नव्हते.