मामाच्या गाडीचं गिऱ्हाईक

बजाजनगरातल्या माझ्या मामानं एक जुनी जर्मन स्पोर्ट्स गाडी भंगारातून आणून, कित्येक वर्षं खपून, पुन्हा उभी केली. लालभडक, दोनच सीटा, वर उघडं आभाळ. कापडी छत होतं, पण ते ओढताना दरवेळी मामाचं बोट चेमटायचं, म्हणून तो त्याच्या वाटेलाच जात नसे. मामीला मात्र पापड वाळवायला अंगण मोकळं हवं होतं. शेवटी तिनं माझ्याकडून मोबाइलवर विक्रीची जाहिरात टाकून घेतली.

पैठणहून एक बागायतदार आणि त्यांची बायको आली. ते अंगानं चांगलेच भरलेले, बाई काटकुळ्या. गाडी बघताच ते "लई भारी!" म्हणत उजवीकडचं दार उघडून धपकन आत बसले. मग समोर हात चाचपले.

"स्टेअरिंग कुठंय?"

"डावीकडं," मामा म्हणाला. "जर्मन आहे ना."

"मग तिकडून बसतो," म्हणून ते उठायला गेले आणि उठलेच नाहीत. सीट पार जमिनीलगत, दार अरुंद. मामानं हात ओढला, मी काखेत हात घालून उचलायला लागलो, मामीनं सांडशी आणू का विचारलं. गाडीच गदागदा हलायला लागली.

"हळू! रंग नवा आहे!" मामा ओरडला.

"रंगाचं काय घेऊन बसलात? मी अडकलोय!"

शेजारी गॅलरीत जमले. कुणी साबण लावा म्हणालं, कुणी गाडीच उलटी करा म्हणालं. ते ऐकून मामा घाबरून बॉनेटवर आडवाच पडला.

बाई शांतपणे चहा पीत होत्या. कप ठेवून त्यांनी पदर खोचला, मामाला बाजूला व्हायला सांगितलं आणि डावीकडं जाऊन बसल्या. घरचा ट्रॅक्टर त्याच चालवत. नवऱ्यासकट बजाजनगरला एक चक्कर मारून आल्या तेव्हा केस पिंजारलेले आणि चेहरा नुसता फुललेला.

"घेतली आम्ही," त्या म्हणाल्या.

"अगं, पण माझं काय?"

"तुम्हाला घरी गेल्यावर काढू. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकनं."

बसल्या जागीच मोबाइलवरून त्यांनी सौदा पुरा केला आणि दोघं पैठणच्या रस्त्याला लागली. मामाला काही चैन पडेना. गाडीची काळजी होतीच, माणसाचीही वाटत होती. संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"ताई, निघाले का ते?"

"व्हय, कवाच. पण आता परत बसलेत. गावातून फिरव म्हणतात."