लेझरनंतरचा आठवा दिवस

ज्या दिवशी माझ्या भाचीच्या लग्नाचा मांडव घातला, त्या दिवशी मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या डोक्यात मुसळ घातलं. संध्याकाळी बहिणीने मला तिच्या घरातून जायला सांगितलं. दोन वर्षांनी ती तापाने गेली. त्या दोन वर्षांत आम्ही बोललो नाही.

मी साकोलीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं सासर एकोडीला, घरची धानाची शेती. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही आणि मी जात राहिले, याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. ती रोवणीला चिखलात उभी असे तेव्हा मी सावलीत वाचत असे. ताईच्या पंचेचाळिशीत आम्हा दोघींचे चेहरे पाहिले असते तर कोणालाही फरक कळला असता. तिच्या दोन्ही गालांवर वांग पसरलेला होता. कपाळाची कातडी जाड, डोळ्यांभोवती आणि ओठांवर बारीक चिरा. मानेपासून खाली, ब्लाउजच्या आत, तिचा मूळ रंग होता आणि तो माझ्यापेक्षा उजळ होता.

भाचीला पाहायला आले तेव्हा मी तिथे होते. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाची मावशी कप उचलताना म्हणाली, "आजी, पोरीच्या आईले बोलवा ना. तिलेच नाही पाहिलं आम्ही."

कोणीतरी हसलं. भाऊजी म्हणाले, "हेच हाय ते. आजी नोहे, पण दिसते खरी."

सगळेच हसले. ताईही हसली. मग आत जाऊन ती चुलीपुढे बसली आणि विझलेल्या चुलीत काड्या सारत राहिली. मी मागोमाग गेले.

"लग्नाच्या दिवशी त्या बाईच्या पुढं मले उभं राहा लागंल," ती म्हणाली. "ओटी भरा लागंल तिची. तवा बी आजी म्हणंल थे."

"काही करता येतं आता. नागपूरला डॉक्टर आहेत."

"तोंडाचे?"

"कातडीचे."

तिने आणखी एक काडी चुलीत सारली. मग म्हणाली, "तुह्या भाऊजीले सांगू नको. जीव घेतीन माहा."

भाऊजी हात उचलत. हे तिच्या माहेरी सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्यावर बोलत नसे, मीसुद्धा नाही.

नागपूरच्या डॉक्टरबाई सज्जन होत्या. त्यांनी ताईचा चेहरा दिव्याखाली धरून पाहिला आणि मला समजावून सांगितलं. लेझरने वरची खराब कातडी जाळायची, खालून नवी येते. पण आपल्या रंगाच्या कातडीला जास्त भाजलं तर ती उलट काळी पडते. म्हणून हलक्या हाताने, महिन्याच्या अंतराने, चार-पाच बैठका घ्यायच्या.

"एका बैठकीत नाही होणार?" मी विचारलं. लग्नाला महिना राहिला होता.

त्यांनी आधी नाही म्हटलं. मी पुन्हा विचारलं. मी वाचून आले होते, मला शब्द माहीत होते, मी नीट बोलत होते. शेवटी त्या म्हणाल्या की थोडी जास्त ताकद लावता येईल, पण मग महिनाभर ऊन नको, चोळणं नको, खपली ओढणं नको आणि त्यांनी दिलेल्या मलमाशिवाय चेहऱ्याला काही म्हणजे काही लावायचं नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

मला आत बसू दिलं. ताईच्या डोळ्यांवर धातूच्या वाट्या ठेवल्या. बधिर करायचं मलम आधीच लावलं होतं, तरी यंत्र सुरू झाल्यावर तिचे पाय टेबलावर आपटू लागले. टक टक आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला गालावर ठिपक्यांचा एक चौकोन उमटत होता. पहिले पांढरे, मग लाल. खोलीत जळल्याचा वास सुटला. कोंबडीची पिसं उपटल्यावर उरलेली लव विस्तवावर भाजतात तसा. एका नर्सने ताईचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. मी तिचे घोटे धरले. ती ओरडली नाही. ओठांच्या वर यंत्र आलं तेव्हा तिने लाथ मारली. ती लाथ माझ्या छातीवर बसली आणि मी मागे भिंतीवर गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बस, बस, झालंच." ते झालं नव्हतं. अजून कपाळ बाकी होतं.

बाहेर आल्यावर तिचा चेहरा सुजलेला होता आणि त्यातून पाणी झिरपत होतं. एसटीत तिने पदर तोंडावरून घेतला. भंडारा सोडल्यावर ती पदराआडून म्हणाली, "घरी का सांगू?"

काय सांगायचं ते मी ठरवलं. तिला पांढऱ्या केसांना कलप लावायची सवय होती. मी म्हटलं, कलपाची अलर्जी झाली म्हणून सांग. हे मला फार सोयीचं वाटलं होतं. कलपाने तोंड सुजलेल्या बायका गावात सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. कोणी खोदून विचारणार नव्हतं. कोणी विचारलंही नाही. भाऊजी एवढंच म्हणाले, "आणखी लाव कलप."

तिसऱ्या दिवशी मुलाकडचा निरोप आला. मुलाच्या आजोबांनी अंथरूण धरलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावं म्हणून तारीख पुढच्या आठवड्यावर आणली होती. भाऊजींनी होकार देऊन टाकला. ताईने मला फोन केला. मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खपल्या आठवड्याभरात गळतील, खालची कातडी गुलाबी दिसेल, उन्हात जाऊ देऊ नका. मी ताईला तसं सांगितलं. पदर घे, मांडवात सावलीत बस. हळदीचं माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरबाईंना मी साबणाचं विचारलं होतं, पावडरचं विचारलं होतं, देवाच्या अंगाऱ्याचंही विचारलं होतं. हळद ही चेहऱ्याला काही लावण्यात मोडते, असं मला किंवा ताईला वाटलं नव्हतं.

आमच्याकडे मांडवाच्या दिवशी नवरीला हळद लागली की तिच्या आईची पाळी येते. तिच्या भावजया तिला धरतात. तिने नाही म्हणायचं, घरात पळायचं, त्यांनी ओढत आणायचं आणि तोंड, मान, हात माखून काढायचे. ती जितकी ओरडेल तितका खेळ रंगला. ज्या आईला धरायला भावजया आल्या नाहीत, तिचं माहेर तुटलं असं समजतात. ताईच्या लग्नाच्या वेळी आमच्या आईला धरलेलं मला आठवतं. आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो.

वहिनीने, म्हणजे आमच्या भावाच्या बायकोने, आदल्या दिवशी स्वतः हळद कांडली होती. बाजारची तिला चालत नसे. मुसळाला आंब्याची पानं बांधून ते मांडवाच्या खांबाशी ठेवलं होतं. मुलाकडची माणसं आली होती, ती मावशीही. भाची पिवळ्या ओल्या लुगड्यात पाटावर बसली होती. वहिनी उठली आणि ओरडली, "आता मायची पाळी! पकडा वो तिले, पळून राहिली पाहा!"

ताई खरंच पळत होती. चुलत भावजयांनी तिला दारात गाठलं. दोघींनी दंड धरले, एकीने कमरेला मिठी मारली.

"नको वो, तोंडाले नको! हाताले लावा!"

"माय वो, नखरे पाहा! पोरीपेक्षा मायच लाजून राहिली!"

"अलर्जी हाय मले!"

"अलर्जीलेच तं हळद पाहिजे, ताई," वहिनी म्हणाली. "दोन दिवसांत तोंड साफ. माह्या हातची हाय, पाहा तं खरं." आणि तिने दोन्ही मुठी भरून ताईच्या गालांवर दाबल्या आणि चोळल्या.

कांडलेली हळद भरडी असते. जबड्यावर आणि कपाळावर अजून खपल्या होत्या. ताईच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो खेळातला नव्हता, पण खेळात सगळ्याच ओरडतात. बायका हसत होत्या. मावशी टाळ्या वाजवत होती. वहिनी प्रेमाने, जोर लावून चोळत होती, नणंदेला जास्तीत जास्त हळद लागावी म्हणून. ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी खांबाजवळ कुंकवाची वाटी धरून उभी होते. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की तिने लेझर केलं आहे, सोडा. एक वाक्य. पण मावशी समोर होती, भाऊजी समोर होते, आणि त्या वाक्यानंतर जे हसणं झालं असतं ते मला आधीच ऐकू आलं. मी बोलले नाही. दहा-बारा श्वास घेण्याइतका वेळ मी बोलले नाही.

वहिनीचे हात लाल झाले तेव्हा तिला वाटलं की कुंकू मिसळलं. ताईने एक हात सोडवून तिच्या छातीवर धक्का मारला. वहिनी पाटाजवळच्या कलशावर पडली. कलश आडवा झाला, पाणी भाचीच्या पायांपर्यंत आलं. सगळ्यांचं हसणं थांबलं.

भाऊजी मांडव ओलांडून आले. "मांडवात कलश पाडतं? तमाशा लावला का वो?" म्हणाले आणि त्यांनी ताईच्या गालावर मारलं. पूर्ण हाताने. ताई खाली बसली. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा त्यांच्या तळव्याला हळद आणि कातडीचा एक तुकडा चिकटलेला होता. तो मी पाहिला.

मुसळ माझ्या पायाशी होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं. ते इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. भाऊजी तिरके उभे होते, घाव कानाच्या वर बसला. आवाज लाकूड फोडल्यासारखा आला. ते गुडघ्यावर आले, मग आडवे झाले. मी पुन्हा उचललं. आमच्या भावाने मागून मला विळखा घातला आणि माझं मनगट पिरगाळलं, तेव्हा मुसळ सुटलं. त्याआधी मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. शिव्या होत्या, असं नंतर भाची म्हणाली. मला शिव्या येत होत्या हे मला माहीत नव्हतं.

भाऊजींना साकोलीच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले, जीव वाचला. मुलाकडची माणसं ओसरीत एका बाजूला जाऊन बोलू लागली. लग्न मोडणार हे मांडवातल्या प्रत्येकाला कळलं होतं. भाची पाटावरून उठली नव्हती. उठलं की संपलं, असं तिला वाटत असावं.

मग ताई उभी राहिली. चेहऱ्यावरून हळदीचं लाल पाणी हनुवटीवर येत होतं. तिने ते पुसलं नाही, पदरही घेतला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच ती मुलाकडच्या सगळ्यांसमोर उघड्या तोंडाने गेली आणि मावशीला म्हणाली, "चूक माह्या बहिणीची हाय. डोसकं फिरलं तिचं. तिले मी आता धाडून देतो. तुम्ही पोरीकडं पाहा."

मावशी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "बसा तुम्ही, विहीणबाई. आधी तोंड धुवा."

ताई माझ्याकडे वळली. "जाय," म्हणाली. "लग्न होऊ दे. मंग बी येऊ नको."

मी पाचच्या एसटीने साकोलीला आले. माझ्या साडीवर रक्त होतं. कंडक्टरने विचारलं, "का झालं, मॅडम?" मी म्हटलं, मांडव आहे. त्याने तिकीट दिलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. ताईच्या गालावरची जखम भरायला दोन महिने लागले आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. वांग होता त्याहून काळे चट्टे पडले आणि डाव्या गालावर एक उंचवटा राहिला. हे मला भाचीने सांगितलं. ताईने लेझरचं कोणालाही सांगितलं नाही. भाऊजींना नाही, मुलीलाही नाही. ज्याने विचारलं त्याला ती म्हणत असे, अलर्जी वाढली.

ती गेली त्या दिवशी भाचीचा फोन आला. मी एकोडीला गेले. कोणी अडवलं नाही. भाऊजींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिरडीवर तिचा चेहरा उघडा होता. मी तो पाहिला.

तेराव्या दिवशी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. आता कोणाच्याही मांडवात ती हळदीला हात लावत नाही, घरच्या वरणात घालायची तर चमच्याने घालते. दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून म्हणाली, "माह्या हातानं झालं, बाई. तोंड खराब करून टाकलं मी तिचं. जाईस्तोवर बोलली नाही मले एका शब्दानं."

मी तिचा हात धरला.

वहिनी आता साकोलीला आली की माझ्याकडे चहाला थांबते. लेझरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.